ओम्नीचा चार चाकी बेस फुल स्पीडला डावीकडे ओढतोय, पुढच्या वर्षी सरळ स्वर्व्हवर जावं का?

कृष्णाकाठ_रोबो (प्रश्न)

नमस्कार सगळ्यांना. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सांगलीकडची, आमच्या कॉलेजची रोबोकॉनची (रोबो बनवून खेळायच्या स्पर्धेची) टीम आहे आणि यंदा बेसचं म्हणजे खालच्या चाकांच्या सांगाड्याचं सगळं काम माझ्याकडे आलंय. मागच्या बॅचचा बेस तसाच्या तसा हातात मिळाला म्हणून आधी त्यावर शिकतेय. चौकोनी बेस आहे, ६०० बाय ६०० चा, २५ मिमीच्या अ‍ॅल्युमिनियम चौकोनी पाइपचा वेल्ड केलेला, चारही कोपऱ्यांत ४५ अंशात ओम्नी चाकं (कडेला छोटे रोलर असलेली, आडवीही घरंगळणारी), १२५ मिमीची, डबल रो म्हणजे रोलरच्या दोन रांगा. मोटर प्लॅनेटरी गिअरवाल्या आहेत, ३०० आरपीएमच्या, आणि चाक थेट मोटरच्या शाफ्टवर हब घालून ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या बारीक स्क्रूने) आवळलंय. वरच्या मेकॅनिझमसकट वजन २४ किलो भरतं.

त्रास असा आहे की हळू चालवला तर बरा जातो पण जॉयस्टिक पूर्ण पुढे ढकलली की डावीकडे ओढतो, ३ मीटरमध्ये २०-२५ सेंमी तरी. डावीकडे पुढे तिरका न्यायचा तर मस्त जातो, पण उजवीकडे पुढे तिरका न्यायला गेलं की थरथरतो आणि चाकं जागेवर फिरल्याचा आवाज येतो. त्यात ग्रब स्क्रू दर दहाबारा रनला ढिला होतो, आणि मागच्या उजव्या मोटरच्या शाफ्टला आता हाताला जाणवेल इतका प्ले म्हणजे ढिलेपणा आलाय.

आमचे एक सीनियर म्हणतात ओम्नी सोडाच, स्वर्व्ह मॉड्यूल (प्रत्येक चाक वेगळ्या मोटरने वळवणारे चाक-मोटरचे जोड) बनवा. दुसरे म्हणतात मेकॅनम (तिरक्या रोलरची चाकं) घ्या. मला स्वतःला आधी हे कळून घ्यायचंय की चूक ओम्नीची आहे का आमच्या बनवण्याची. मोटर त्याच वापरायच्या आहेत, नवीन घ्यायला पैसे नाहीत, हातात साधारण चार महिने आहेत. ज्यांनी असे मॉड्यूल स्वतः बनवलेत त्यांनी जरा डिटेलमध्ये सांगाल का.

बेअरिंगवाला

अगं तू लक्षणं इतकी नीट लिहिली आहेस की अर्धं निदान त्यातच आहे. मी २०१३ चा पासआउट, टीममध्ये तीन वर्षं बेसच केला, आता चाकणला टूलरूममध्ये आहे. आधी एक काम कर, मग पुढचं बोलू. बेस सपाट जागी ठेव, सरफेस टेबल मिळालं तर उत्तमच, आणि वहीच्या कागदाची एकेक पट्टी चारही चाकांखाली घाल आणि ओढून बघ. माझा अंदाज आहे की पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकाखालची पट्टी सहज निघून येईल आणि बाकीच्या दोन फाटतील. मग चार वजनकाटे जमव, घरात उभं राहून वजन करायचे असतात तसले चालतील, आणि चारही चाकांवर किती किलो येतंय ते लिहून काढ.

का म्हणतोय ते सांगतो. तिपाई कधी डुगडुगत नाही, चार पायांचं टेबल डुगडुगतं, तुझा बेस ते चार पायांचं टेबल आहे. वेल्ड केलेला पाइपचा चौकोन कितीही जपून केला तरी वेल्ड गार होताना तो ओढला जातो आणि एक कोपरा मिलिमीटर दोन मिलिमीटर वर राहतो, आणि एवढ्या आखूड बेसला ट्यूबचा ताठपणा जास्त असल्यामुळे तो वजनाने खाली बसत नाही. मग काय होतं, कर्णावरची दोन चाकं सगळं वजन घेतात आणि उरलेली दोन नुसती टेकलेली असतात. २४ किलोचे खरं तर सहा सहा किलो यायला हवेत. समज एका चाकावर ३ किलोच आले, रबरी रोलर आणि रंगवलेलं प्लायवूड यांचं घर्षण ०.५ धर, तर ते चाक जमिनीला जास्तीत जास्त १५ न्यूटनच्या आसपास ढकलू शकतं. चाकाची त्रिज्या ६२.५ मिमी, म्हणजे टॉर्क ०.९ न्यूटन मीटर. मोटरने त्याच्यावर जरा जरी जास्त दिला की चाक जागेवर फिरणार. हळू चालवताना एवढा टॉर्क लागतच नाही म्हणून तेव्हा सरळ जातो, दांडी पूर्ण ढकलली की एकदम लागतो.

आता तुझ्या बेसची भूमिती बघ. ४५ अंशातल्या बेसमध्ये उजवीकडे पुढे जायला पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी दोनच चाकं ढकलतात, बाकीची दोन रोलरवर नुसती घरंगळत जातात. ही ढकलणारी जोडीच हलकी असेल तर थरथर होणारच. आणि सरळ पुढे जाताना तीच जोडी उजवीकडचा जोर कमी देते, दुसरी जोडी डावीकडचा पूर्ण देते, म्हणून रोबो डावीकडे. ओम्नीची काही चूक नाही गं. हेच चाक १९१९ सालच्या अमेरिकन पेटंटमध्ये आहे, शंभर वर्षं लोक वापरतायत. चाक जमिनीवर नीट टेकलेलं नसेल तर ओम्नी लाव, मेकॅनम लाव, स्वर्व्ह लाव, हेच होणार, आणि स्वर्व्हमध्ये तर आठ मोटरी घालून होणार.

उपाय ट्रॅक्टरकडे बघ. ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल मधोमध एका जाड पिनवर झुलतो, एक चाक सरीवर चढलं तरी बाकीची तीन जमिनीवरच राहतात. तसंच कर, मागची दोन मॉड्यूल फ्रेमला पक्की, पुढची दोन एका आडव्या बीमवर आणि तो बीम मध्यावर पिनवर. स्प्रिंग नको, शॉकअ‍ॅब्सॉर्बर नको, ट्यूनिंग नको. तुझ्या मापात एक अंश झुलला तरी दोन चाकांत साधारण ९ मिमीचा फरक पडतो, फील्डवरचे प्लायवूडचे सांधे त्याच्या निम्मेही नसतात.

फक्त एक लक्षात ठेव, बीम झुलतोय तोपर्यंत रोबो मागची दोन चाकं आणि पुढची पिन अशा त्रिकोणावर उभा आहे, म्हणून दोन्ही बाजूंना दीड अंशावर रबराचे स्टॉपर दे आणि जड मेकॅनिझम शक्यतो मागे सरकव.

आता मॉड्यूलकडे येतो, कारण ग्रब स्क्रू आणि शाफ्टचा प्ले ही वेगळी चूक आहे आणि ती मला जास्त खटकते. चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर टांगलं की रोबोचं वजन त्या गिअरबॉक्सच्या बारक्या बेअरिंगवर येतं. चाकाचा मध्य गिअरबॉक्सच्या तोंडापासून ४० मिमी असेल आणि ६ किलो वजन असेल तर उभ्या उभ्याच साधारण २.४ न्यूटन मीटरचं बेंडिंग आहे, सांध्यावरून उडी मारली की त्याच्या दुप्पट तिप्पट. तुझ्या बेसमध्ये तर काही चाकांवर नऊ किलो येत असतील. गिअरबॉक्स टॉर्क द्यायला असतो, वजन पेलायला नाही. म्हणून दोन प्लेट घे, मध्ये चाक, दोन्ही प्लेटमध्ये ६००१ बेअरिंग, १२ मिमीचा ईएन८ स्टीलचा शाफ्ट दोन्हीकडे टेकलेला. मोटर त्या चाकाच्या वर त्याच दोन प्लेटमध्ये बसव आणि ५ मिमी पिचच्या टायमिंग बेल्टने चाकाला जोड. बेल्टचा दुसरा फायदा असा की पुली बदलली की स्पीड बदलतो, मोटर बदलावी लागत नाही. हबला ग्रब स्क्रूवर विसंबू नकोस, शाफ्टला कीवे म्हणजे की (चौकोनी पट्टी) बसायची खाच मार, १२ च्या शाफ्टला ४ बाय ४ ची की बसते, ग्रब स्क्रू नुसता की वर दाबायला ठेव आणि त्याला निळं लॉकटाइट २४३ (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लाव.

प्लेट ६ मिमीच्या, ६०६१ टी६ मिळालं तर बघ. लेझरवाल्याकडून बाहेरचा आकार आणि बोल्टची भोकं कापून घे पण बेअरिंगचं भोक लेझरने फायनल करू नकोस, त्याची कड तिरकी येते आणि बेअरिंग त्यात कधीच नीट बसत नाही. २८ चं भोक २७ चं कापून घे आणि दोन्ही प्लेट एकत्र बांधून व्हीएमसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) एकाच सेटिंगमध्ये बोअर करून घे. एकाच सेटिंगमध्ये हे महत्त्वाचं, वेगवेगळी केलीस तर दोन बेअरिंगचे मध्य जुळणार नाहीत आणि शाफ्ट हाताने फिरवताना जड लागेल. ८ मिमीचं बेअरिंग ६ च्या प्लेटमध्ये दोन मिमी बाहेर राहतं, तिथे आतून स्पेसर घाल म्हणजे चाक घासणार नाही. माधवनगरला किंवा मिरज एमआयडीसीत जॉबवर्कवाले असतील, कॉलेजची पोरं म्हटलं की बरेच जण शेवटच्या शिफ्टला करून देतात, आम्हाला भोसरीत असंच एकाने दोन वर्षं सांभाळलं, त्या माणसाला मी अजून दिवाळीला फोन करतो.

आणि चारही मॉड्यूल एकसारखे कर, डावा उजवा काही नको, चार बोल्ट आणि एक कनेक्टर काढला की मॉड्यूल हातात. पाचवा बनवून पेटीत ठेव. २०१४ ची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात बालेवाडीला झाली तेव्हा मी प्रेक्षकांत बसलो होतो, दोन मॅचच्या मध्ये किती थोडा वेळ मिळतो ते तिथे नीट बघितलं. तेवढ्या वेळात दुरुस्ती होत नाही, बदली होते.

पीआयडी_पुणेकर

बेअरिंगवाला दादांनी मेकॅनिकलचं सगळं सांगितलंय, मी कंट्रोलचं बोलतो कारण फुल जॉयस्टिकला ओढण्यात थोडा वाटा कोडचा पण असणारच. दोन गोष्टी तपास.

पहिली म्हणजे चाकांचा वेग काढल्यावर तू तो कसा मर्यादित करतेस. समजा तिरक्या चालीत दोन चाकांना ३१० आणि दोन चाकांना २४० असा आकडा आला आणि पीडब्ल्यूएमची (मोटरला किती पॉवर द्यायची त्या आकड्याची) मर्यादा २५५ आहे. बहुतेक जण ३१० चे २५५ करतात आणि २४० तसेच ठेवतात. इथेच दिशा बदलली, हिशोब करून बघ, पाच अंशांहून जास्त फरक पडतो, ३ मीटरला ते पाऊण फुटाच्या वर जातं. सगळ्यात मोठा आकडा २५५ वर आण आणि बाकीच्यांना त्याच प्रमाणात कमी कर, म्हणजे २४० चे १९७ होतील, रोबो जरा हळू जाईल पण सांगितलेल्या दिशेलाच जाईल. हेडिंग करेक्शन (रोबोचं तोंड सरळ ठेवणारी दुरुस्ती) लावलं असेल तर हे अजूनच गरजेचं, कारण चाकं आधीच पूर्ण वेगात असतील तर करेक्शन द्यायला जागाच उरत नाही. म्हणून मी जॉयस्टिक पूर्ण ढकलली तरी ८० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही, वरचे २० टक्के पीआयडीसाठी (चूक मोजून ती सतत दुरुस्त करणाऱ्या कोडसाठी) राखीव. चार मोटरी एकाच खोक्यातून आल्या तरी चारही सारख्या नसतात, सगळ्यात कमजोर मोटर जेवढं देऊ शकते तेवढाच तुझा खरा टॉप स्पीड.

दुसरी गोष्ट अ‍ॅक्सलरेशन. ४५ अंशातल्या ओम्नीला सरळ जाताना प्रत्येक चाकाच्या जोराचा ०.७०७ भागच पुढे मिळतो, बाकीचा शेजारच्या चाकाशी कटतो. घर्षण ०.५ धरलं तर चारही चाकं सारखी टेकलेली असताना जास्तीत जास्त ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढंच अ‍ॅक्सलरेशन मिळू शकतं. मी कोडमध्ये २.५ ची मर्यादा लावतो. जॉयस्टिक झटकन ढकलली तरी वेग चढणीने वाढला पाहिजे, आणि ब्रेकला पण तीच मर्यादा, बरेच जण ब्रेकला विसरतात आणि मग थांबताना रोबो वळतो. त्याच्या बदल्यात वेगात फायदा आहे बघ, तुझं चाक ३०० आरपीएमला १.९६ मीटर प्रति सेकंद फिरतं पण सरळ जाताना बेसचा वेग त्याच्या १.४१ पट म्हणजे पावणेतीनपर्यंत जातो. कागदावर.

अजून एक, ऑटोनॉमससाठी (रोबो स्वतःच चालतो तेव्हा) अंतर मोटरच्या एन्कोडरवरून (फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरवरून) मोजू नकोस. चाक घसरलं की एन्कोडर खोटं बोलतो, आणि डबल रो ओम्नीमध्ये जमिनीला कधी आतली रांग टेकते कधी बाहेरची, रांगांमध्ये २० मिमी अंतर असेल तर सेंटरपासूनचं अंतर सारखं दहा मिमी कमी जास्त होत राहतं, त्यामुळे वळण्याचा हिशोब दोन-तीन टक्क्यांनी हलतो. त्यापेक्षा दोन छोटी मोकळी ओम्नी चाकं, ५८ मिमीची, एक उभं एक आडवं, स्प्रिंगने जमिनीवर दाबलेली आणि त्यांना ६०० पीपीआरचा (एका फेरीला ६०० पल्सचा) एन्कोडर. एका फेरीत २४०० काउंट मिळतात, म्हणजे एक काउंट ०.०७६ मिमीचा. कोन मात्र जायरोवरून (वळण मोजणाऱ्या सेन्सरवरून) घे. बीएनओ०५५ हा सेन्सर वापरत असशील तर त्यातला मॅग्नेटोमीटर बंद असलेला मोड लाव, मोटरी शेजारी असताना होकायंत्र काहीही दाखवतं.

तीन_चाकांचा_भक्त

सगळे चारच्या मागे का लागलेत कळत नाही. तीन ओम्नी १२० अंशात लावल्या की टेकण्याचा प्रश्नच संपला, पिन नको बीम नको, मोटर एक कमी, मोटर चालवणारं ड्रायव्हर सर्किट एक कमी, वजन कमी. आम्ही लागोरीच्या वर्षी म्हणजे २०२२ ला तीनवरच खेळलो आणि बेसने एकदाही दगा दिला नाही. जोर कमी मिळतो हे मान्य आहे, सरळ जाताना तीन चाकांपैकी दोनच ढकलतात. पण छोट्या हलक्या रोबोला तो पुरतो, आणि चार महिने हातात असताना कमी भागांची रचना निवडणं हेच शहाणपणाचं आहे असं माझं ठाम मत आहे.

बेअरिंगवाला

भक्ता, हलक्या आणि बुटक्या रोबोला तीन चाकं खरंच उत्तम, त्यात वाद नाही. पण सेंटरपासून चाक ३०० मिमीवर असेल तर तीन चाकांच्या त्रिकोणाची कड सेंटरपासून फक्त १५० मिमीवर येते, चार चाकांत ती २१२ वर असते. हिचा रोबो २४ किलोचा आणि वर मेकॅनिझम आहे, जोरात ब्रेक मारला तर एक चाक उचललं जाईल. पुढे बीम झुलता केला तरी मागची दोन चाकं रुंद राहतात आणि स्टॉपर लागला की चौकोन परत मिळतो, हा फरक आहे.

स्वर्व्हवाली_ताई

उशिरा वाचलं, इथे वेळ उलटी आहे. मी मूळची कराडची, कॉलेजात असताना रोबोकॉन खेळले, आता मिशिगनमध्ये नोकरी करते आणि शनिवार रविवारी इथल्या एका हायस्कूलच्या एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शाळकरी स्पर्धेच्या) टीमला शिकवते. स्वर्व्हबद्दल विचारलंस म्हणून लिहिते, कारण तुझे सीनियर बहुतेक इथलेच व्हिडिओ बघून बोलत असणार.

इथे आता चांगल्या टीमांपैकी बहुतेक सगळ्या स्वर्व्हवर आहेत हे खरं आहे. पण त्यामागचं कारण समजून घे. इथली पोरं मॉड्यूल बनवत नाहीत, विकत घेतात. खोकं उघडायचं, चार कोपऱ्यांत बोल्ट मारायचे. ड्राइव्हला ६.७५ ला १ आणि स्टीअरिंगला साधारण २१.४ ला १ असे गिअर रेशो आधीच ठरलेले, बेव्हल गिअर कारखान्यात जुळवलेले, कोडची लायब्ररी तयार. आणि फील्डवर गालिचा असतो, त्यावर चाकाची पकड चांगली बसते, दुसऱ्या रोबोला धक्के मारून ढकलायचं असतं म्हणून पूर्ण जोर लागतो. तुमच्याकडे यातलं काय आहे ते बघ.

स्वर्व्हचा फायदा नक्की कुठे आहे तर साधं रबरी चाक वापरता येतं आणि चारही चाकांचा सगळा जोर जायचं त्याच दिशेला लागतो. पुणेकरांनी ०.७०७ चा हिशोब दिलाय तो कट इथे नाही. त्याची किंमत म्हणजे चारच्या ठिकाणी आठ मोटर, आठ ड्रायव्हर, चार अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर आणि प्रत्येक मॉड्यूलमध्ये एक मोठं बेअरिंग ज्याच्यावर अख्खं मॉड्यूल फिरतं. आम्ही कॉलेजात शेवटच्या वर्षी स्वतः बनवला होता, एकेक मॉड्यूल २.८ किलोचा झाला, चारचे ११ किलोच्या वर, मेकॅनिझमला वजनच उरलं नाही.

आणि ज्या गोष्टीने आम्हाला मॅचमध्ये मारलं ती सांगते, म्हणजे तुझ्या कामाला येईल. चाकाचा कोन मोजायला आम्ही एएस५६०० वापरला होता, छोटी चिप असते, समोर शाफ्टच्या टोकाला एक गोल मॅग्नेट लावायचा, तो व्यासाच्या दिशेने मॅग्नेटाइज केलेला लागतो, साधा चालत नाही, आणि चिपपासून अंतर अर्धा ते तीन मिमीच्या मध्ये. एका फेरीला ४०९६ भाग म्हणजे ०.०८८ अंश, एवढं पुरेसं आहे. आम्ही मॅग्नेट नुसता चिकटवला होता. दुसऱ्या मॅचला एका मॉड्यूलचा मॅग्नेट उष्णतेने किंवा धक्क्याने, नक्की कशाने ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण काही अंश फिरला, म्हणजे त्या चाकाचं शून्य हललं. तीन चाकं सरळ, एक चाक तिरकं, आणि रोबो गोल गोल वळत रेषेबाहेर गेला. चौथ्या चाकाने रंगवलेल्या प्लायवर काळा कमानीचा पट्टा ओढला होता तो अजून डोळ्यासमोर आहे. नंतर आम्ही शाफ्टच्या टोकाला एका बाजूने सपाट केलेली टोपी बसवली, टोपी एकाच पद्धतीने बसते, मॅग्नेट टोपीत, टोपीला आडवी पिन. पुन्हा कधी हललं नाही. अजून एक, या चिपचा आयटूसी (चिपा जोडायच्या दोन तारांच्या बसवरचा) अ‍ॅड्रेस ठरलेला असतो, चार एका बसवर बसत नाहीत, मल्टिप्लेक्सर घाल नाहीतर तिचं अ‍ॅनालॉग आउटपुट वाच, आम्ही यात एक आठवडा घालवला.

कोडमध्ये पण दोन जागा आहेत. चाकाला ९० अंशांहून जास्त वळायचं असेल तर चाक वळवू नका, मोटर उलटी फिरवा, म्हणजे चाक कधीच पाव फेरीपेक्षा जास्त वळणार नाही. आणि ड्राइव्ह मोटर वर ठेवून बेव्हल गिअरने खाली जोर नेला असेल तर स्टीअरिंग फिरताना चाकही थोडं आपोआप फिरतं, ते ड्राइव्हच्या कमांडमधून वजा करावं लागतं, नाहीतर प्रत्येक वळणाला रोबो दोन सेंटिमीटर सरकतो आणि सगळे एन्कोडरला शिव्या देत बसतात.

माझं सरळ मत विचारशील तर या चार महिन्यांत स्वर्व्ह नको. दादांनी सांगितलेला दोन प्लेटचा ओम्नी मॉड्यूल कर, आणि टीममधल्या पहिल्या दुसऱ्या वर्षाच्या दोन पोरांना स्वर्व्हचा एकच मॉड्यूल बनवायला दे, टेबलावर क्लॅम्प करून, स्पर्धेचा ताण नाही. तो वर्षभर फिरवा, तोडा, पुन्हा बनवा. पुढच्या वर्षी ती पोरं चार बनवतील.

मेकॅनमचं कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. स्वीडनच्या बेंग्ट इलॉनने काढलेलं चाक आहे, रोलर ४५ अंशात, त्यामुळे चाकं साध्या गाडीसारखी समांतर बसतात, फ्रेम सोपी होते, लांबट रोबोला बरं पडतं. वरून बघितलं की चारही चाकांचे रोलर मिळून फुली दिसली पाहिजे, उलटी लावली तर रोबो वळत नाही. पण आडवं जाताना रोलरचं घर्षण जाणवतं आणि चारही चाकं टेकलेली नसतील तर ओम्नीपेक्षा लवकर भरकटतं. तुझा चौकोनी बेस असताना बदलण्यात काही मिळणार नाही.

कृष्णाकाठ_रोबो

सगळ्यांचे मनापासून आभार, मी काल रात्री वर्कशॉपमध्ये बसून सगळं करून बघितलं. दादा, कागदाची पट्टी तुम्ही सांगितलेल्याच दोन चाकांखालून निघाली. पुढच्या डाव्या चाकाखालची थोडी अडकली, मागच्या उजव्याखालची तर फुंकर मारली तरी हलत होती. मग हॉस्टेलमधून आणि सरांच्या घरून मिळून चार वजनकाटे आणले. पुढचं डावं ३.२, पुढचं उजवं ९.४, मागचं डावं ८.८, मागचं उजवं २.६ किलो. बेरीज बरोबर २४. आकडे फळ्यावर लिहिल्यावर अख्खी टीम गप्प झाली, कारण दोन महिने आम्ही पीआयडीचे आकडेच बदलत बसलो होतो.

प्रयोग म्हणून मागच्या उजव्या मोटरच्या माउंटखाली पत्र्याचे तुकडे घालत गेलो, साधारण दीड मिमी घातल्यावर चारही काटे पाच ते सातच्या मध्ये आले. तसाच चालवला तर ३ मीटरमध्ये ओढ ७-८ सेंमीवर आली, कोड न बदलता. मग लेक्चर हॉलच्या फरशीवर नेला, तिथे फरशी थोडी उंच सखल आहे, तिथे परत ओढायला लागला. म्हणजे पत्रा एका जागेपुरताच, बीम करावाच लागणार हे पटलं.

कोडमध्ये पण पुणेकर म्हणतात तेच होतं, प्रत्येक चाकाला वेगळं छाटलेलं. ते आज बदललं.

तीनवाल्या दादांचं म्हणणं पण टीममध्ये मांडलं, आमचा दुसरा रोबो हलका असणार आहे, त्याला तीन चाकं करायचं जवळजवळ ठरलंय. आणि ताई, स्वर्व्हच्या एका मॉड्यूलसाठी दुसऱ्या वर्षाच्या दोन मुली आत्ताच तयार आहेत, त्यांना तुमचं मॅग्नेटचं वाचून दाखवलं.

आता एकच शंका. बीमच्या पिनवर पुढच्या दोन्ही चाकांचा पुढे ढकलायचा जोर पण येणार ना? नुसत्या एका भोकात पिन घातली तर बीम वरून बघताना आडवा वळेल असं वाटतंय.

बेअरिंगवाला

बरोबर ओळखलंस, आणि हे बनवायच्या आधी सुचलं म्हणजे तुझं डोकं योग्य जागी आहे. पिन एकाच प्लेटमध्ये अडकवायची नाही. फ्रेमला दोन प्लेट उभ्या कर, त्यांच्यात किमान ८० मिमी अंतर ठेव, बीम म्हणजे ४० बाय ४० ची ट्यूब त्या दोघींच्या मध्ये, आणि पिन तिन्हींच्या आरपार. पिन १६ मिमीची ईएन८, बीममध्ये एकच लांब ब्रॉन्झ बुश, ट्यूबच्या दोन्ही भिंतींना धरून बसलेला. ट्यूब ४० ची आणि प्लेटमधलं अंतर ८० म्हणजे दोन्ही बाजूंना २० उरतात, तिथे बुशलाच बाहेर काढून कॉलर ठेव, प्लेटला चिकटतील अशा, दोन्हीकडे ०.१ ते ०.२ ची फट. कॉलरचा व्यास जेवढा मोठा तेवढा बीम वरून बघताना कमी वळेल, ५० मिमीच्या खाली जाऊ नकोस. शिवाय बीमच्या दोन्ही टोकांजवळ फ्रेमला उभी नायलॉनची पट्टी लाव, बीम तिला घासत वर खाली होईल पण मागे पुढे जाणार नाही, धडक बसली तर सगळा मार पिनवर येणार नाही. पट्टीला थोडं ग्रीस.

पिनच्या टोकाला सर्क्लिप (खाचेत बसणारी रिंग) घाल, नट नको, नट आवळला जातो आणि बीम झुलायचा थांबतो, कोणाच्याही लक्षात येत नाही.

ड्रॉइंग झालं की जॉबला टाकायच्या आधी इथे दाखव, बोअरच्या मापावर टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) लिहायला विसरू नकोस, २८ ला एच७.

कृष्णाकाठ_रोबो

हो दादा, रविवारपर्यंत ड्रॉइंग टाकते. मॉड्यूलच्या प्लेट पाच सेटच्या सांगितल्यात लेझरवाल्याला, पाचवा पेटीत.